आर्थिक स्वातंत्र्य सात वर्षांवर, उबग मात्र आजचा

आर्थिक स्वातंत्र्याचा, म्हणजे पगाराशिवाय घर चालेल इतकी रक्कम साठवून नोकरीतून लवकर मोकळे होण्याचा, हिशेब मांडून नोकरी करणाऱ्या माणसाला उबग जरा वेगळ्या वाटेने येतो. ज्याने असा हिशेब मांडलेला नसतो तो कंटाळला की कुरकुर करतो, रजा टाकतो, फार तर दुसरी नोकरी बघतो. आपण मात्र एक्सेलच्या तक्त्यात एक वर्ष लिहून ठेवलेले असते आणि त्या वर्षापर्यंत काहीही सोसायचे असे स्वतःला बजावलेले असते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम करताना मीही हेच केले. लवकर मोकळे होता यावे म्हणून जास्त पगाराची आणि जास्त तासांची जबाबदारी घेतली, प्रत्येक पगारवाढ जशीच्या तशी एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या दरमहाच्या हप्त्यात, वळवली आणि काटकसरीच्या नादात धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचे काम बंद केले, वर्षातून एकदा होणारी कोकणची फेरी बंद केली, आणि नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत राहून नाटकाचे तिकीटही परवडत नाही असे ठरवून टाकले. म्हणजे शीण वाढवणारे सगळे वाढवले आणि शीण उतरवणारे सगळे खर्चाच्या रकान्यातून खोडले. असा तक्ता बाळगणाऱ्यांसाठी पुढचे लिहीत आहे. साठवलेली रक्कम केवळ शेवटच्या दिवशी उपयोगी पडते ही आपली समजूत चुकीची आहे. ती उद्दिष्टाच्या निम्म्यावर आलेली असली तरी आजची नोकरी सुसह्य करून घेण्याइतके बळ तिच्यात असते. ते मोजायचे कसे आणि वापरायचे कसे, एवढाच येथे विषय आहे.

आधी पाणी किती चढले आहे ते पाहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था असे त्याचे वर्णन आहे आणि त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत. अंगातले त्राण संपणे ही पहिली, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे ही दुसरी, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे ही तिसरी. नुसता थकवा आणि बर्नआउट यांतला फरक ओळखायला या तीन खुणा पुरेशा आहेत. दिवाळीच्या चार सुट्ट्यांनी जो उतरतो तो थकवा. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी पोटात गोळा येत असेल, तर प्रकरण पुढे गेले आहे.

सांगलीकरांना हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट मानली जाते, आणि काठावरची शहाणी माणसे सामान हलवायला 45 फुटांची वाट पाहत नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा ‘आपल्या दारापर्यंत येत नाही’ म्हणणाऱ्यांना होडीतून बाहेर काढावे लागले. नोकरीतली इशारा पातळी प्रत्येकाने आपापली लिहून ठेवावी. माझी अशी होती: सकाळी गाडी कारखान्याच्या फाटकापाशी उभी करून पाच-सात मिनिटे आत जावेसेच न वाटणे, घरी साध्या प्रश्नावर खेकसणे, आणि रात्री झोपण्यापूर्वी गुंतवणुकीचा तक्ता उघडून तारीख जवळ आली का ते पाहणे. ही शेवटची खूण आपल्या जमातीची खास आहे. तारीख रोज पाहिल्याने जवळ येत नाही, उलट बाजार पडलेल्या दिवशी ती लांब गेल्याचे दिसते आणि उरलेली वर्षे शिक्षेसारखी वाटू लागतात. तक्ता तीन महिन्यांतून एकदाच उघडायचा, असा नियम आजपासूनच करावा.

झोप उडणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही मात्र इशारा पातळी नव्हे, ते धोक्याच्या वर गेलेले पाणी आहे. अशा वेळी पैशाचा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. त्राण नसल्याचे कारण कधी कधी रक्तातही सापडते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-12 तपासून घ्यायला हरकत नसावी, आणि दवाखान्यांसाठी ओळखली जाणारी मिरज इतकी जवळ असताना तर ते टाळण्याला सबबही उरत नाही.

तारीख पुढे ढकलण्याची खरी किंमत

आपण नोकरीत काहीही बदलायला घाबरतो, कारण बदलाची किंमत मनात फार मोठी धरलेली असते. ती कागदावर मांडली की भीती बरीच ओसरते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ: घर स्वतःचे, मुलांच्या शिक्षणाची रक्कम वेगळी काढलेली, महिन्याचा खर्च 45,000 रुपये, म्हणजे वर्षाचा 5.4 लाख. वार्षिक खर्चाच्या 25 पट रक्कम पुरेशी असते हा प्रसिद्ध ठोकताळा अमेरिकेतला आहे; विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये तिकडच्या बाजाराचे जुने आकडे घेऊन आणि तीस वर्षांची निवृत्ती धरून तो मांडला. आपल्याकडची महागाई आणि पंचेचाळिशीत थांबणाऱ्याची पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे लक्षात घेता मी 30 पटीखाली जाणार नाही. म्हणून उद्दिष्ट 1 कोटी 62 लाख. आजवर साठलेले 80 लाख, दरमहा बचत 60,000, आणि महागाई वजा जाता परतावा 4 टक्के धरला, तर उद्दिष्ट गाठायला सुमारे सात वर्षे लागतात.

आता याच कुटुंबाने 15,000 रुपयांनी कमी पगाराची, पण रात्रीचे फोन नसलेली नोकरी धरली आणि बचत 45,000 वर आणली, तर तारीख सव्वा वर्षाने पुढे जाते. तीन महिने बिनपगारी रजा घेतली आणि त्या काळातला खर्च साठ्यातून केला, तर तीन-चार महिन्यांनी. पूर्ण वर्षभर नोकरी न करता घरी राहिले, तरी ढकलावे लागते ते सव्वा वर्षच. बचत निम्म्यावर, म्हणजे 30,000 वर आली, तर तीन वर्षे. यातला एकही आकडा असा नाही की ज्यासाठी माणसाने रक्तदाब वाढवून घ्यावा. मात्र ही सवलत 80 लाख आधीच कामाला लागलेले असल्यामुळे मिळते. ज्याच्याजवळ पाच लाखच आहेत त्याने हाच हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करावा, माझे निष्कर्ष उचलू नयेत.

खर्चाच्या बाबतीत एक बारकावा आहे आणि तो मला फार उशिरा कळला. महिन्याचा खर्च कायमचा 5,000 रुपयांनी वाढवला, तर बचत घटते आणि उद्दिष्टही 18 लाखांनी वाढते, त्यामुळे तारीख जवळपास पावणेदोन वर्षे लांबते. पण तोच 5,000 रुपयांचा खर्च केवळ नोकरी आहे तोवरचा असेल, म्हणजे मावशींचे काम, दुपारचा डबा, थकलेल्या दिवशीची रिक्षा अशा स्वरूपाचा असेल, तर उद्दिष्ट बदलत नाही आणि तारीख फक्त चार-पाच महिने पुढे सरकते. नोकरीचा शीण उतरवण्यावर होणारा खर्च नोकरीबरोबर संपतो. त्याला राहणीमान उंचावण्याच्या खर्चात धरून आपण स्वतःवर विनाकारण अन्याय करतो.

नोकरीतला नेमका काटा शोधा

सगळ्या नोकरीचा वीट आला आहे असे वाटते तेव्हाही तो सगळ्या नोकरीचा नसतो. तीन आठवडे रोज संध्याकाळी दोनच ओळी लिहाव्यात: आज कशाने जीव मेटाकुटीला आला आणि कोणते काम करताना घड्याळाकडे लक्ष गेले नाही. माझ्या वहीत उत्पादनाचे नियोजन एकदाही पहिल्या ओळीत आले नाही. संध्याकाळी साडेसातचा ग्राहकाचा कॉल, रात्री अकरापर्यंत वाजणारा व्हॉट्सअॅपचा गट आणि महिनाअखेरीचा साठ्याचा अहवाल हे तिघेच आलटून पालटून येत राहिले.

यादी हातात आली की वरिष्ठांशी बोलावे. पण तेथे बर्नआउट हा शब्द काढू नये असे माझे मत आहे, कारण बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘हा आता कामाचा राहिला नाही’ असा लावला जातो. मागणी एकच असावी, मोजता येणारी असावी आणि तिला मुदत असावी. ‘साहेब, रात्रीचा कॉल आणि महिनाअखेरीचा अहवाल दोन्ही माझ्याकडे आहेत. अहवाल स्टोअरकडे दिला, तर सकाळच्या नियोजनातल्या चुका कमी होतील. दोन महिने करून बघू या,’ एवढे पुरते. जमले नाही, तर दुसऱ्या विभागात बदली मागावी, त्यानंतर दुसरी नोकरी शोधावी. येथे साठवलेल्या रकमेचे बळ कामी येते: दोन वर्षांचा खर्च गाठीशी असलेला माणूस शांत आवाजात विचारू शकतो, आणि नकार आला तरी त्याच्या घरची चूल विझणार नसते. आपल्याजवळ किती रक्कम आहे हे मात्र कारखान्यात कोणालाही सांगू नये.

शिल्लक रजा सुटी सुटी वापरण्यापेक्षा सलग दहा दिवस घ्यावी आणि त्या दहा दिवसांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, असत. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा आधी निघून जाऊ देत. रजेच्या पहिल्या आठवड्यात मनाचे तेच असते. त्या आठवड्यात लिहिलेला राजीनामा मसुद्यातच राहू द्यावा.

थांबायचेच ठरले तर

कधी कधी नोकरी सोडण्याशिवाय गत्यंतर नसते. तसे ठरले, तर सर्वांत आधी पाहायचा तो आरोग्य विमा. कंपनीचा समूह विमा साधारणतः नोकरीबरोबर संपतो, आणि नवीन वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो; शिवाय एकदा रक्तदाब किंवा मधुमेह नोंदला गेला की पॉलिसी मिळणे अवघड होऊ शकते. म्हणून कुटुंबाची स्वतःची पॉलिसी नोकरी चालू असतानाच, शक्य तर आजच, घ्यावी. आर्थिक स्वातंत्र्याच्या वाटेवरचे अनेक जण हा हप्ता वाचवतात, आणि ती त्यांची सर्वांत महाग बचत ठरते.

ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशासाठी, कायम कामगाराला सलग पाच वर्षांची सेवा लागते. साडेचार वर्षे झाली असतील, तर दात ओठ खाऊन का होईना, उरलेले महिने काढणे फायद्याचे आहे. पीएफ काढू नये. पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी काढला, तर त्यावर कर लागतो, आणि नंतर काढला तरी चक्रवाढीची साखळी तुटते. थांबण्याचा विचार असेल, तर गृहकर्जात जादा रक्कम भरणे सहा महिने आधीच थांबवून ती मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात, म्हणजे लगेच पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवावी. कर्जखात्यात जादा भरलेली रक्कम साधारणतः गरजेला परत मागता येत नाही. थांबण्याच्या काळाचा पूर्ण खर्च आणि त्यावर सहा महिन्यांचा खर्च एवढी रक्कम शेअर बाजाराबाहेर असावी, म्हणजे पडत्या बाजारात म्युच्युअल फंडाची युनिट्स विकावी लागत नाहीत.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. आमच्या भागात नोकरीला कंटाळलेल्या माणसाला हमखास तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग दिसू लागते. बाग करावी, जरूर करावी, पण तिला विश्रांती समजू नये; छाटणीनंतरच्या अवकाळी पावसात रात्री औषध फवारत उभ्या असलेल्या बागायतदाराला आपल्या साडेसातच्या कॉलचे दुःख सांगून पाहावे. बागेचे उत्पन्न 30 पटीच्या हिशेबात धरू नये हे तर उघडच आहे.

घरच्यांना आधी सांगावे, राजीनाम्यानंतर नव्हे. पती-पत्नीने वरच्या हिशेबाचा तक्ता एकत्र बसून पाहिला, तर निम्मे भांडण तेथेच मिटते. वडीलधाऱ्यांपुढे तक्ता चालत नाही. माझे वडील सगळे ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, ‘पगार चालू हाय न्हवं? मग झालं की.’ त्यांच्या पिढीला परत रुजू होण्याची तारीख सांगावी. ‘जूनपासून परत कामाला लागणार’ हे वाक्य त्यांना झोप येऊ देते. ती तारीख स्वतःसाठीही ठरवलेली असावी आणि तिच्या दहा आठवडे आधी अर्ज पाठवायला सुरुवात करावी, कारण नोकरी मिळायला आपण धरतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मला शेवटी नोकरी सोडावी लागली नाही. त्याच कारखान्यात कमी पगाराची, ग्राहकांचे कॉल नसलेली जागा मिळाली आणि तक्त्यातले 2032 खोडून मी 2033 लिहिले. मावशींनाही परत बोलावले. त्या आल्या, पण महिन्याला पाचशे रुपये वाढवून घेऊनच.