गिट सारखा सारखा पासवर्ड मागतंय? एकदाच डिस्कवर सेव्ह करून मोकळे व्हा

आमच्या सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी लाईट गेली की पंखा बंद, राउटर बंद, पीसी बंद, आणि लाईट आल्यावर पहिल्याच पुशला (म्हणजे कोड सर्व्हरवर चढवताना) गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, परत विचारतंय, युझरनेम सांगा, पासवर्ड सांगा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं-तिघं बघतो, दिवसातून दहादा पुश-पुल होतं, त्यामुळं हे लै डोक्यात जायचं. शेवटी एकदा बसून नीट लावलं, ते कसं ते सांगतो. कमांड इथं मराठीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनंच टाकायच्या.

आधी एक गोष्ट, गिटहबवर (आपला कोड ऑनलाइन ठेवतो ती साइट) तुमचा नेहमीचा लॉगिनचा पासवर्ड इथं चालतच नाही, १३ ऑगस्ट २०२१ पासून त्यांनी ते बंदच केलंय. पासवर्ड विचारला की टोकन द्यायचं, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी लांबलचक अक्षरांची किल्ली. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये खाली डेव्हलपर सेटिंग्ज आहे, तिथं पर्सनल अॅक्सेस टोकन. फाइन-ग्रेन्ड वालं घ्या, त्यात ज्या रेपोचं (प्रोजेक्टच्या कोडच्या फोल्डरचं) काम आहे तेवढीच निवडा, कंटेंट्सला रीड आणि राइट द्या, एक्स्पायरी टाका, बास. सगळ्या रेपोचे सगळे हक्क देऊन ठेवू नका, का ते खाली कळंल. टोकन एकदाच दिसतं, पान बंद केलं की गेलं, मग नवीनच काढावं लागतं.

आता मेन कमांड:

गिट कॉन्फिग --ग्लोबल क्रेडेन्शियल.हेल्पर स्टोअर

एवढंच. एंटर मारल्यावर काहीच होत नाही, घाबरू नका. पुढच्या पुशला ते शेवटचं एकदा विचारंल, तेव्हा पासवर्डच्या जागी टोकन पेस्ट करा. पेस्ट केल्यावर स्क्रीनवर काही उमटत नाही, स्टारसुद्धा नाही, आणि इथंच आमच्यातल्या नवीन पोरानं ‘पेस्ट होईना बे’ म्हणत तेच टोकन तीनदा पेस्ट केलं आणि वर मलाच म्हणतो टोकन खराब आहे. एकदाच पेस्ट, एंटर. लॉगिन खरंच झालं तरच गिट ते सेव्ह करतं, चुकीचं टोकन सेव्ह होत नाही.

सेव्ह कुठं होतं तेही बघून घ्या. होम फोल्डरमध्ये डॉट गिट-क्रेडेन्शियल्स नावाची लपलेली फाइल तयार होते. कॅट (फाइल दाखवणारी कमांड) मारून बघितली की एकच ओळ दिसंल: एचटीटीपीएस, मग तुमचं युझरनेम, कोलन, अख्खंच्या अख्खं टोकन, @ आणि पुढं गिटहब डॉट कॉम. एन्क्रिप्शन वगैरे काही नाही, साधी टेक्स्ट फाइल. परमिशन ६०० असते म्हणून त्याच मशीनवरच्या दुसऱ्या युझरला वाचता येत नाही, पण तुमच्या लॉगिननं जो बसला त्याला सगळं उघडं.

माझी फजिती यातच झाली. नवीन पीसी आला म्हणून अख्खा होम फोल्डर लपलेल्या फाइलींसकट पेनड्राइव्हवर कॉपी मारला, आणि तोच पेनड्राइव्ह नंतर बिलाची प्रिंट काढायला नवी पेठेत एका दुकानात दिला. पेनड्राइव्ह फॅट फॉरमॅटचा, त्याच्यावर ती ६०० ची परमिशन काही टिकत नाही. परत येताना गाडीवर आठवलं, तसाच पार्क चौकात कडेला थांबून मोबाईलवरून टोकन रिव्होक, म्हणजे रद्द, केलं. म्हणून म्हणलं टोकनला हक्क कमी द्या आणि एक्स्पायरी टाका, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा नेट कॅफेत स्टोअर वापरूच नका.

डिस्कवर ठेवायचंच नसेल तर कॅशे आहे, स्टोअरच्या जागी कॅशे लिहायचं. ते मेमरीत ठेवतं, ९०० सेकंद म्हणजे १५ मिनिटं, वाढवायचं असेल तर अवतरणात ‘कॅशे --टाइमआउट=२८८००’ दिलं की आठ तास. पण लाईट गेली की मेमरी साफ, म्हणजे आमच्यासाठी परत पहिले पाढे पंचावन्न. यूपीएस असणाऱ्यांनी खुशाल वापरा. विंडोजवाल्यांनी या दोन्हीच्या भानगडीत पडू नका, गिटच्या इन्स्टॉलरबरोबर क्रेडेन्शियल मॅनेजर येतो, मॅकवर ओएसएक्स-कीचेन आहे, दोन्ही नीट कुलपात ठेवतात. लिनक्सवर तसंच पाहिजे असेल तर लिबसीक्रेट, लावायला थोडी खटपट आहे पण एकदाच.

एक अडचण हमखास येते. घरचं अकाउंट वेगळं, कामाचं वेगळं, आणि पुश केलं की ४०३ चा एरर. टोकन चुकीचं किंवा संपलेलं असेल तर सर्व्हर ४०१ देतो आणि गिट ती सेव्ह केलेली ओळ स्वतःच काढून परत विचारतं. पण ४०३ म्हणजे टोकन बरोबर आहे, त्या रेपोवर हक्क नाही, त्यामुळं जुनी ओळ तशीच राहते आणि तुम्ही कितीही पुश मारा तेच येणार. एकच अकाउंट ठेवायचं असेल तर फाइल एडिटरमध्ये उघडून ती ओळ उडवा. दोन्ही पाहिजे असतील तर रिमोटच्या (म्हणजे ऑनलाइन रेपोच्या) यूआरएलमध्येच गिटहबच्या आधी युझरनेम आणि @ टाका, मग गिट त्या नावाचीच ओळ शोधतं. आणि कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) भलत्याचं नाव येत असेल तर त्याचा टोकनशी संबंध नाही, ते युझर.नेम आणि युझर.ईमेल मधून येतं, तिथं बघा.

सगळं काढून टाकायचं झालं तर गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट क्रेडेन्शियल.हेल्पर, पण त्यानं नुस्तं सेटिंग जातं, फाइल तिथंच पडून राहते. ती हातानं डिलीट करा आणि गिटहबवर जाऊन टोकनही रिव्होक करा.