सोसायटी हिशेब दाखवत नाही? आधी पावती बघा

गोव्यात फ्लॅट असेल तर मेंटेनन्सची पावती हातात घ्या आणि तिच्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. क्रमांक असेल तर तुमची सोसायटी गोवा सहकारी संस्था कायदा, 2001 खाली येते आणि दाद मागायची ती आपल्या विभागाच्या साहाय्यक निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे. निबंधकांचे मुख्यालय पणजीला पाटोवरच्या सहकार संकुलात आहे, पण थेट तिथे धावायची गरज नसते. पावती अजून बिल्डरच्याच नावाने येत असेल तर मामला रेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर 30 दिवसांत तो विनाखर्च दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. पावसाळ्यात गळती दिसली की तारखेसह फोटो काढून ठेवा.

नोंदणीकृत सोसायटीत भांडण बहुधा हिशेबावरून पेटते. अर्जात ‘हिशेब द्यावा’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघमच येते. आर्थिक वर्ष घाला आणि कागद नावानिशी मागा: लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, मागच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेली कोटेशन्स आणि दिलेले बिल. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर सेक्रेटरीची सही, शिक्का, तारीख घ्या. सही नाकारली तर रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या वादाला निबंधकांपुढे फारसे वजन नसते.

इथेच बहुतेक जण घसरतात: रागाने मेंटेनन्स थांबवतात. मग कमिटी तुम्हालाच थकबाकीदार ठरवते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. पैसे बँकेतूनच भरा, सोबत ‘हरकत राखून भरत आहे’ असे पत्र द्या. उलट, खरी थकबाकी असली तरी नळ तोडणे हा वसुलीचा मार्ग नव्हे, वसुलीसाठी कमिटीलाही निबंधकांकडेच जावे लागते.

बिलात जीएसटी दिसला तर आकडा तपासा. दरमहा प्रति सदस्य 7,500 रुपयांपर्यंतच्या मेंटेनन्सला तो लागत नाही.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. तिथे ओरडून उपयोग नाही, विरोध नावासह इतिवृत्तात नोंदवून घ्या.

सोसायटीला थेट माहिती अधिकार लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सहकारी संस्थांबाबत सांगितले. निबंधक कार्यालयाला मात्र तो लागू आहे. सोसायटीने तिथे दाखल केलेले कागद तिथूनच मागा. उत्तराची मुदत 30 दिवस.