डीएनएची फिल्म सादळते तेव्हा टेस्टिंग कसं करायचं

जुलैत भडंगाचा डबा उघडा राहिला की काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. डीएनएच्या फिल्मचं, म्हणजे डीएनएचं द्रावण वाळवून केलेल्या पातळ पापुद्र्याचं, पण तेच. किती ताणते, कधी तुटते हे बघायला सकाळी खिडकी उघडी ठेवून तिची पट्टी मशीनवर ओढली तर ती च्युइंगमसारखी लांबत गेली, आणि त्याच फिल्मची दुसरी पट्टी दुपारी एसीच्या खोलीत क्लॅम्प आवळतानाच कटकन तुटली. दोन्ही रीडिंग खोडली, ती डीएनएची नव्हती, हवेची होती.

आधी फिल्म. १ टक्का सोडियम डीएनए (डीएनएचा सोडियम क्षार) डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सावकाश विरघळतो, जोरात घुसळत बसू नका, लांब रेणू तुटतात. ५ सेंमीच्या पेट्री डिशमध्ये १० मिली ओतलं की साधारण ३० मायक्रॉनची फिल्म येते. पावसाळ्यात नुसती ठेवून वाळत नाही, डेसिकेटरमध्ये (हवाबंद कोरड्या भांड्यात) सिलिका जेलवर ठेवा.

आता ह्युमिडिटी. घट्ट झाकणाचा डबा, तळाला वाटीत मीठ नि पाणी (मीठ तळाशी न विरघळता उरलंच पाहिजे), वर जाळीवर पट्ट्या. २५ डिग्रीला साध्या मिठाने ७५ टक्के मिळते, मॅग्नेशियम क्लोराईडने ३३, पोटॅशियम नायट्रेटने ९३-९४. एक्स-रेने डीएनएची रचना अभ्यासणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिननेसुद्धा मिठाच्या द्रावणांनीच ह्युमिडिटी धरली होती बरं का, त्यातूनच ७५ टक्क्यांच्या आसपास ए फॉर्म आणि ९२ च्या आसपास बी फॉर्म (डीएनएच्या रचनेची दोन रूपं) दिसला, आणि ओला होताना धागा लांबतो हेही. म्हणजे तुम्ही ओढायच्या आधीच माप बदललेलं असतं! वजन स्थिर होईपर्यंत थांबा, मगच लांबी-जाडी मोजा, कारण कोरडी असतानाची जाडी धरली तर फुगलेल्या पट्टीचा स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचा ताण) उगाच जास्त निघतो.

टेम्परेचरमध्ये सगळे फसतात. पाणी रेणूंना एकमेकांवर सरकू देतं म्हणून मॉड्युलस (ताठरपणाचं माप) उतरतो, उष्णतेनेही उतरतो, पण उघडी फिल्म तापवली की आधी पाणी उडतं आणि ती उलट कडक होते, मग आलेख बघून आपण डोकं खाजवत बसतो. म्हणून मिठासकट डबाच इन्क्युबेटरमध्ये ठेवा, २५, ३५, ४५ डिग्री. इथे साधं मीठच बरं, त्याचे ७५ टक्के तापमानाने फारसे हलत नाहीत.

आणि ओढताना क्लॅम्पभोवती प्लास्टिकची पिशवी बांधून आत मिठाची वाटी ठेवा, नाहीतर पट्टी डब्यातून मशीनवर नेईपर्यंतच सादळायला लागते.