फिरत्या लघुपट महोत्सवात काम करायचं असेल तर

सामाजिक विषयांवरच्या लघुपटांचा फिरता महोत्सव म्हटलं की नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना वाटतं, आपण भरपूर फिल्म्स बघायच्या, त्यातल्या निवडायच्या आणि दिग्दर्शकांशी गप्पा मारायच्या. तेही असतं, पण निवड वर्षातून एकदाच होते. बाकीचे महिने फोन, फायली, केबली आणि सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध घेण्यात जातात. मी या कामात आहे ती मुख्यतः जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या खेळांसाठी, त्यामुळे पुढचं सगळं त्याच अंगानं.

आधी थोडी मागची गोष्ट माहीत हवी. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं आणि चांगला सिनेमा एकत्र बसून बघायचा, मग त्यावर बोलायचं, ही सवय इथल्या फिल्म सोसायट्यांनी लावली. पुढे 2004 च्या, माहितीपट आणि लघुपटांच्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. माहितीपटकारांनी एकजुटीनं विरोध केला, अट मागे घेतली गेली, पण टोकदार विषयांच्या बऱ्याच फिल्म्स निवडीतच गळाल्या. तेव्हा त्यांनी त्याच आठवड्यात, जवळच प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. तिथल्या फिल्म्स मग इतर शहरांतही फिरल्या. पर्यावरणाच्या विषयावर पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवही पुण्याबाहेरच्या गावांत जात आला आहे. म्हणजे तुम्ही काही नवीन खूळ काढत नाही आहात, हे घरच्यांना सांगायला उपयोगी पडतं.

प्रमाणपत्राचा प्रश्न आजही आहेच. सिनेमॅटोग्राफ कायदा 1952 चा. सार्वजनिक खेळासाठी प्रमाणपत्र लागतं आणि महोत्सवांना त्यातून सूट मिळते ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून. त्यासाठी आयोजकांनी जाणकारांच्या समितीला फिल्म्स दाखवून तिची शिफारस अर्जासोबत जोडायची असते. हे कंटाळवाणं काम कुणी अंगावर घेत नाही. तुम्ही घ्या. कागद नीट लावणारा माणूस दुसऱ्या वर्षी सगळ्यांना हवाच असतो.

आता खरं काम. गावात खेळ ठरवताना आधी फिल्म नाही, यजमान शोधायचा. बचत गट, वाचनालय, रात्रशाळा, कॉलेजचा एनएसएस विभाग, कोणीही चालेल. फक्त त्या गावात त्यांचं येणंजाणं हवं. दारूबंदीवरची फिल्म कुठेही दाखवता येते, पण ज्या तालुक्यात जातीय अत्याचाराची केस कोर्टात चालू आहे तिथे त्याच विषयावरची फिल्म घेऊन जायची की नाही, हे पुण्यात बसून ठरवता येत नाही. यजमानाला सगळ्या फिल्म्स आधी दाखवा. एखादी नको म्हणाले तर का ते विचारा. कारण पटलं नाही तर वाद घाला, पण त्यांच्या नकळत यादीत घुसवू नका. तुम्ही दुसऱ्या दिवशी एसटीनं निघून जाता, ते तिथेच राहतात.

वेळ हा दुसरा मुद्दा. मे महिन्यात उघड्यावर साडेसातच्या आत पडद्यावर काही दिसत नाही आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. मध्ये उरले अडीच तास. त्यातून दीपप्रज्वलन, नारळ, शाल आणि भाषणं वजा करा. भाषणं फिल्मच्या आधी ठेवली तर पोरं पळतात, नंतर ठेवली तर मोठी माणसं. आम्ही ती दोन फिल्म्सच्या मध्ये टाकतो, माणशी तीन मिनिटं. (तीन मिनिटांत संपत नाहीत, पण आकडा सांगावा लागतो.) बायकांसाठी मात्र संध्याकाळचा खेळ सोयीचा नाही, स्वयंपाकाची वेळ असते. त्यांच्यासाठी दुपारी दोनला शाळेच्या वर्गात वेगळा खेळ लावा. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या की पुरेसा अंधार होतो.

एका खेळाला पाच-सहा लघुपट, मिळून सत्तर-ऐंशी मिनिटं, याहून जास्त नको. दोन जड फिल्म्स लागोपाठ लावू नयेत. ज्या फिल्मच्या शेवटी काळ्या पडद्यावर आकडेवारी आणि संदेश येतो, ती निवडताना मी तरी हात आखडता घेते. लोक ती पाटी वाचत नाहीत, चपला शोधायला लागतात.

भाषेचं काय? तमिळ किंवा बंगाली फिल्मला इंग्रजी सबटायटल्स असतात, त्यांचा तालुक्याच्या गावात उपयोग शून्य. मराठी सबटायटल्स करून घ्यावी लागतात. हे शिकून घ्या, यात पैसेही मिळतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत सहा-सात शब्द, आणि संवाद जसाच्या तसा उतरवायचा मोह सोडायचा. देवनागरीची जोडाक्षरं काही प्लेअरमध्ये फुटतात, ‘क्ष’चा ‘क्‌ष’ होतो. म्हणून सबटायटल्स चित्रातच पक्की बसवून फाईल काढा. तरीही पुढच्या रांगेतल्या आजींना वाचता येणार नाही हे धरून चाला. अशा ठिकाणी गावातलीच एखादी मुलगी माईकवरून हळू आवाजात सांगत गेली तर चालतं. फक्त तिनं फिल्म आदल्या दिवशी पाहिलेली हवी.

फिल्म लिंकवरून थेट लावायची नाही, नेट कुठे दगा देईल सांगता येत नाही. दोन पेन ड्राइव्ह, एक हार्ड डिस्क, आणि प्रत्येक फाईल त्याच लॅपटॉपवर शेवटपर्यंत चालवून बघितलेली. दिग्दर्शकाची ईमेलवर लेखी परवानगी घ्या, त्यात किती खेळ आणि कुठे हे स्पष्ट असू द्या. निवड समितीला आलेली पाहणीची लिंक खेळासाठी वापरणं हा सरळ विश्वासघात आहे. आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. फिकट चित्र लोक सहन करतात. संवाद कळले नाहीत तर दहा मिनिटांत उठतात.

चर्चेत ‘कशी वाटली फिल्म?’ हा प्रश्न टाळा. उत्तर ठरलेलं असतं, ‘छान.’ एका पात्राला धरून विचारा. शाळा सुटलेल्या मुलीवरच्या एका लघुपटानंतर आमच्या सहकाऱ्यानं विचारलं, ‘बापाचं काय चुकलं?’ मागून एक बाई म्हणाल्या, ‘चुकलं काही नाही. एसटी पाचला शेवटची. पोरगी अंधारात चालत येणार का?’ मग पुढचा अर्धा तास एसटीच्या वेळापत्रकावर बोलणं झालं, आणि यजमान संस्थेनं तिथेच डेपोला द्यायच्या अर्जावर सह्या घेतल्या. फिल्मच्या छायाचित्रणाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. दिग्दर्शक तिथे असता तर कदाचित खट्टू झाला असता, मला मात्र त्या वर्षातला तोच खेळ सगळ्यात चांगला वाटतो.

पैशांचं स्पष्ट बोलते. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी प्रवास, जेवण आणि प्रमाणपत्र एवढंच मिळतं. मानधन मिळतं ते तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांना, सबटायटल्स करणाऱ्यांना आणि दौऱ्याचं नियोजन करणाऱ्यांना. नुसतं ‘मला सिनेमाची आवड आहे’ म्हणून कुणी ठेवून घेत नाही. पुण्यातला फिल्म इन्स्टिट्यूटचा रसास्वाद अभ्यासक्रम जमला तर जरूर करा, बघण्याची शिस्त लागते. पण त्यासाठी थांबून राहू नका. जवळच्या फिल्म सोसायटीत खुर्च्या लावण्यापासून सुरुवात करता येते. आणि दौऱ्यावर निघण्याआधी तिकिटाचे पैसे कोण भरणार आणि परत कधी मिळणार, हे लेखी विचारा. विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच.