खडकाळ रस्त्यावर वॅगन चालवायचीय? मग टायर घेताना आधी साइडवॉल बघा

टायर घ्यायला गेलं की सगळे पहिली नक्षी बघतात, किती खोल आहे, किती रफटफ दिसतेय वगैरे. पण दगडांच्या रस्त्यावर नक्षी झिजून टायर बाद होतो असं फार कमी वेळा होतं, तो जातो साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फाटून. धारदार दगड बाजूला घासला की कट पडतो, आणि तळाला खिळा घुसला तर पंक्चर काढता येतं पण साइडवॉलचा कट नीट दुरुस्तच होत नाही, अख्खा टायर फेकावा लागतो. म्हणून आधी साइडवॉल बघायचा, बाकी सगळं नंतर.

टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ट्रेडमधे (नक्षीच्या भागात) किती प्लाय, म्हणजे रबराच्या आतले धाग्यांचे थर, आणि साइडवॉलमधे किती प्लाय ते लिहिलेलं असतं. साध्या कारच्या टायरला साइडवॉलमधे बहुतेक १ किंवा २ पॉलिएस्टर प्लाय असतात, काही ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांसाठीच्या) टायरना ३ मिळतात. वॅगनच्या (मागे सामानाला लांब जागा असलेल्या कारच्या) साइजमधे ३ वाले शोधावे लागतात, पण मिळाले तर नक्की घ्या.

दुसरं म्हणजे साइडवॉलची उंची, आणि मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा गाडीला २२५/५५ आर १८ आहेत (२२५ मिमी रुंदी, १८ इंची रिम), तर २२५ चे ५५ टक्के म्हणजे साइडवॉल साधारण १२४ मिमी. त्याऐवजी १७ ची रिम टाकून २२५/६० आर १७ बसवले की तोच १३५ मिमी होतो आणि टायरचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. ११ मिमी ऐकायला कमी वाटतं पण दगड आणि रिम यांच्या मधे तेवढंच जास्तीचं रबर आणि हवा येते, रिम वाकायची भीती कमी होते. फक्त छोटी रिम ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आतल्या ब्रेकच्या भागाला) लागत नाही ना ते आधी बसवून बघा, आणि व्यास मूळच्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त वाढवू नका, नाहीतर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो.

एलटी म्हणजे लाइट ट्रकवाले टायर घ्यावेत का? मजबूत असतात यात वाद नाही, पण जड असतात, हलक्या वॅगनवर गाडी कडक उड्या मारते, पिकअप मंदावतो, इंधन जास्त लागतं, आणि तेवढंच वजन पेलायला त्यांना हवाही जास्त लागते. रोज सामान भरून दगडातच जायचं असेल तरच घ्या. नाहीतर ऑल टेरेनमधे एक्सएल (एक्स्ट्रा लोड, जास्त वजन पेलणारा) लिहिलेला बरा. मड टेरेन (चिखलासाठीचे) तर वॅगनला नकोच, डांबरी रस्त्यावर आवाज करतात आणि ओल्यात ब्रेक उशिरा लागतो.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, कंपनीने दिलाय त्याच्या खाली कधीच जायचं नाही. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०, आणि वॅगनमधे मागे सामान कोंबलं की मागचेच टायर दबतात हे लक्षात घ्या. टायरच्या बाजूला डॉट कोड असतो, त्याचे टायर कधी बनला ते सांगणारे शेवटचे चार आकडेही वाचा, २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. नवा म्हणून दिलेला टायर ३-४ वर्षं पडून असेल तर दुसरा मागा.

गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही एकदम बदला, कमीजास्त व्यासाचे टायर लावले की डिफरन्शियलवर (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर) ताण येतो. आणि शक्यतो स्टेपनीही त्याच साइजची पूर्ण ठेवा, ती बारीक स्टेपनी दगडात टिकत नाही.

हवेचं म्हणाल तर ३५ पीएसआयची गाडी खडकाळ पट्ट्यात २७-२८ वर आणली की टायर दगडावर दबून पुढे जातो, कटही कमी पडतात, पण मग वेग अगदी कमी ठेवायचा आणि चांगला रस्ता लागला की आधी हवा भरायची, कमी हवेत पळवलं की टायर तापतो, फुटू पण शकतो. त्यामुळे गेज आणि छोटा कॉम्प्रेसर टायरसोबतच घ्या. आणि गाडी थांबली की आतल्या बाजूच्या साइडवॉलवरही हात फिरवा, फुगा आलेला दिसला तर त्या टायरवर पुढे जाऊ नका, स्टेपनी लावा.