प्री-मेडसाठी दोन युनिव्हर्सिट्यांतली एक निवडताना

आधी एक गोष्ट साफ करून टाकते, कारण नातेवाइकांच्या फोनवर निम्मा वेळ यातच जातो. प्री-मेड म्हणजे मेडिकल स्कूलच्या आधी कॉलेजात करायची तयारी; अमेरिकेत त्या नावाची डिग्री नसते. मेजर, म्हणजे मुख्य विषय, इतिहास घ्या, गणित घ्या, नाहीतर बायॉलॉजी. मेडिकल स्कूलला लागणारे विषय, म्हणजे बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री, लॅबसकट झाले की झालं. हे तुमच्या हातातल्या दोन्ही ठिकाणी मिळणारच. तेव्हा 'प्री-मेड कुणाचं चांगलं' हे सोडा. चार वर्षांनी तुमचे ग्रेड कुठे शाबूत राहतील आणि डोक्यावर कर्ज कुठे कमी असेल, एवढंच शोधायचं आहे.

मी इंटर्निस्ट, म्हणजे इंटर्नल मेडिसिनची डॉक्टर आहे, अमेरिकेतल्याच या रांगेतून पुढे आलेली. सध्या भाची या पेचात आहे. एकीकडे राहत्या राज्यातली मोठी स्टेट युनिव्हर्सिटी, ऑनर्स कॉलेज (हुशार मुलांसाठीचा वेगळा गट) आणि बऱ्यापैकी स्कॉलरशिप. दुसरीकडे लांबची नावाजलेली खासगी, जवळजवळ पूर्ण फी. जागा पक्की करायला १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचं. ताई आणि भावजींचा कल अर्थातच नावाकडे.

खासगी कॉलेजं एक आकडा फार मिरवतात: आमच्याकडून अर्ज करणाऱ्यांपैकी ऐंशी-नव्वद टक्क्यांना मेडिकलला जागा मिळते. देशभरात अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्याहून कमी जणांना एमडीची (इथली डॉक्टर होण्याची मूळ डिग्री) जागा मिळते, तेव्हा हे ऐकून आईबाप विरघळणारच. पण भागाकार कशाने केलाय ते बघा. काही कॉलेजांत विद्यार्थ्याची शिफारस कमिटी करते आणि त्या कमिटी लेटरला जीपीएची (चारपैकी मोजलेली ग्रेडची सरासरी) अट असते. अट न बसणाऱ्याला 'यंदा थांब' म्हणतात. तो अर्जच करत नाही, म्हणून मोजलाही जात नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीनंतर गळलेले तर त्याच्याही आधीच हिशोबाबाहेर गेलेले असतात.

म्हणून दोन्हीकडच्या प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायझरला ईमेल करा आणि सरळ विचारा. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती जण येतात आणि त्यांतले किती शेवटी अर्ज करतात? कमिटी लेटर सगळ्यांना मिळतं का? एमडी आणि डीओचे (ऑस्टिओपॅथिक कॉलेजांची डॉक्टरची डिग्री) आकडे वेगळे द्याल का? कॅरिबियनमधली मेडिकल कॉलेजं धरली आहेत का? एका अ‍ॅडव्हायझरकडे किती विद्यार्थी? भाचीने हेच पाठवलं. एकीकडून तक्ता आला, दुसरीकडून पुन्हा तेच चकचकीत ब्रोशर. उत्तर कसं येतं यावरूनही पुढची चार वर्षं दिसतात.

आता ग्रेड. बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज एएमकॅस या सामाईक अर्जसेवेतून जातो. तिथे प्रत्येक ग्रेड एकाच मापाने मोजतात: ए वजा म्हणजे ३.७, बी अधिक म्हणजे ३.३. सायन्स आणि गणिताचा जीपीए वेगळा काढतात. नापास होऊन पुन्हा घेतलेल्या कोर्सचे दोन्ही ग्रेड धरतात. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले कोर्सही त्यात येतात. एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७च्या वर आहे. युनिव्हर्सिटीच्या नावाचा उपयोग शून्य नाही, पण तुमच्या ३.३चा ३.७ ते नाव करून देत नाही. प्रिन्स्टनने २००४ साली ए ग्रेड साधारण ३५ टक्क्यांवर रोखायचं धोरण आणलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं. म्हणजे ग्रेडिंग ठिकाणानुसार बदलतं, ही काही सीनियर्सची नुसती रड नव्हे. भेटीला गेलात तर टूर गाइडला सोडा आणि ऑरगॅनिकच्या लेक्चरला मागे जाऊन बसा. नंतर शेजारच्या मुलाला विचारा: कर्व्ह आहे का, म्हणजे ग्रेड वर्गातल्या इतरांच्या तुलनेत देतात का, आणि एकमेकांना नोट्स देता का?

इथे स्टेट युनिव्हर्सिटीची खरी अडचणही सांगते. तीन-चारशे जणांच्या वर्गात प्रोफेसर तुम्हाला ओळखत नाहीत आणि सायन्सच्या प्रोफेसरांची शिफारसपत्रं तर लागतातच. ऑनर्समध्ये छोटे सेक्शन खरंच मिळतात की नुसती वेगळी हॉस्टेल, ते विचारून घ्या. लाजाळू मुलांसाठी हा मुद्दा माझ्या मते शेजारी हॉस्पिटल आहे की नाही, यापेक्षा मोठा आहे. कॅम्पसला लागून हॉस्पिटल असलं तरी अंडरग्रॅडना आत काय करू देतात ते महत्त्वाचं. बसने वीस मिनिटांवरच्या नर्सिंग होममध्येही (वृद्धांच्या देखभाल केंद्रात) रुग्णांशी खरी गाठ पडते.

पैशांचं गणित नुकतंच बदललंय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज, बंद. मेडिकलसाठी फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. बऱ्याच मेडिकल स्कूलांचा चार वर्षांचा खर्च याच्या पुढे जातो. उरलेलं खासगी कर्जाने, नाहीतर घरून. आईवडिलांनी घ्यायच्या पेरेंट प्लस कर्जालाही आता मुलामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. म्हणून बॅचलर्सवर सगळी पुंजी घालवू नका. स्कॉलरशिपच्या पत्रातली अट वाचा: दरवर्षी टिकवायला जीपीए किती लागतो? ३.५ असेल तर पहिल्याच केमिस्ट्रीत घाम फुटेल. खासगीने आर्थिक मदत देऊन खर्च स्टेटच्या जवळ आणला, तर मात्र मी खासगीच्या बाजूने विचार करेन.

राज्याचाही विचार हवा. सरकारी मेडिकल कॉलेजं बहुधा आपल्या रहिवाशांना झुकतं माप देतात. टेक्सासमध्ये तर बाहेरच्यांना सरकारी कॉलेजांत दहा टक्क्यांपलीकडे जागाच नाहीत. शिकायला दुसऱ्या राज्यात गेलात म्हणून सहसा तिथले रहिवासी होत नाही, घरचं राज्यच तुमचं राहतं.

एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असाल तर हे सगळं दुय्यम. अनेक मेडिकल स्कूल फक्त सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. इमिग्रेशन वकिलाशी आधी बोला, अ‍ॅडव्हायझरशी नंतर.

भाचीला मी स्टेटच सांगितलंय, निर्णय तिचा. फक्त ठरत नाही म्हणून दोन्हीकडे डिपॉझिट भरू नका. कळलं तर दोन्ही कॉलेजं प्रवेश काढून घेऊ शकतात. वेळ कमी पडत असेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला फोन करून चार दिवसांची मुदत मागा. कधी कधी देतात.