चांदी न घासता उजळवायची कशी?

दिवाळी जवळ आली की देवघरातली निरांजनं, अत्तरदाणी, बाळाच्या उष्टावणाची वाटी असं सगळं बाहेर निघतं आणि प्रत्येक वस्तूवर काळपट थर चढलेला दिसतो. मग रांगोळी किंवा दंतमंजन घेऊन खसाखसा घासणं सुरू होतं. भांडी चमकतात खरी, पण फडक्यावर जो काळा रंग उतरतो त्यात आपलीच चांदी असते.

तो थर म्हणजे मळ नाही. हवेत अगदी थोड्या प्रमाणात असलेल्या हायड्रोजन सल्फाईडसारख्या वायूंतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि सिल्व्हर सल्फाईड हा नवा पदार्थ तयार होतो. हा रासायनिक बदल. या पदार्थाच्या वजनात सुमारे ८७ टक्के चांदीच असते, फक्त ती गंधकात अडकलेली असते. घासणं हा मात्र निव्वळ भौतिक बदल. त्यात काहीही सुटं होत नाही, थर खरवडला जातो आणि अडकलेली चांदी गंधकासकट मोरीत वाहून जाते. जुन्या मूर्तींचे नाक-डोळे पुसट होतात, नक्षी बोथट होते, ती याच घासण्याने. रासायनिक बदल रासायनिक मार्गानेच उलटवला, तर त्यातली बरीचशी चांदी जागच्या जागी राहते.

आधी वस्तू निवडा

मोती किंवा खडे बसवलेले, चिकटवलेले, आतून लाख भरलेले दागिने बाजूला ठेवा. गरम पाण्याने लाख मऊ पडते आणि मोत्याची झळाळी जाऊ शकते. ऑक्सिडाइज्ड दागिनेही नकोत. त्यांचा काळेपणा मुद्दाम आणलेला असतो आणि या पद्धतीने तोही निघून जाईल. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. त्यामुळे तेही वगळा.

मग धुऊन घ्या

कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ कापड पुरेसं आहे. निरांजनाच्या बाबतीत ही पायरी अजिबात टाळू नका. त्यावरची काजळी म्हणजे कार्बन. ती नुसती चिकटून बसलेली असते, म्हणून पुसून निघते. पुढच्या प्रक्रियेचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. तुपातेलाचा ओशटपणा राहिला तर पाणी धातूपर्यंत पोहोचतच नाही.

आता मुख्य काम

काचेच्या किंवा चिनी मातीच्या खोलगट भांड्यात ॲल्युमिनिअम फॉइल पसरा, चकचकीत बाजू वर. ही बाजू फक्त दिसायला वेगळी आहे, उलटी ठेवलीत तरी फरक पडत नाही. वस्तू फॉइलला टेकतील अशा ठेवा. एक लिटर पाण्यामागे एक मोठा चमचा खायचा सोडा आणि एक छोटा चमचा मीठ भुरभुरा. वरून उकळतं पाणी हळूहळू ओता. काचेचं भांडं उष्णता सोसणारंच हवं, नाहीतर तडकेल.

थोडे बुडबुडे येतील आणि कुजक्या अंड्यासारखा वास येईल. सुटलेल्या गंधकाचा काही भाग हायड्रोजन सल्फाईड होऊन बाहेर पडतो, त्याचा हा वास. खिडकी उघडी ठेवा आणि भांड्यावर वाकून पाहू नका. आत काय चाललंय? ॲल्युमिनिअम चांदीपेक्षा फार सहज इलेक्ट्रॉन सोडतं. सोड्यामुळे फॉइलवरचा ऑक्साईडचा पातळ पापुद्रा विरघळायला मदत होते, मिठामुळे पाण्यातून वीज चांगली वाहते. ॲल्युमिनिअमचे इलेक्ट्रॉन वस्तूपर्यंत पोहोचले की सल्फाईडमधली चांदी पुन्हा धातुरूपात येते. म्हणूनच वस्तू फॉइलला टेकणं इतकं महत्त्वाचं आहे; अधांतरी राहिलेली वस्तू काळीच राहील.

हलका काळेपणा दोन-पाच मिनिटांत जातो. मधे एकदा चिमट्याने वस्तू उलटा. जुना, जाड थर असेल तर नवी फॉइल आणि ताजं गरम पाणी घेऊन पुन्हा करा. वापरलेली फॉइल मंद आणि डागाळलेली दिसेल. तिची झीज झाली, तुमच्या चांदीची नाही.

शेवटी पुसणं

स्वच्छ पाण्याने धुऊन, लगेच कोरडं करून सुती फडक्याने हळुवार पुसा. परत आलेली चांदी कधीकधी थोडी पांढुरकी, मंद दिसते, कारण तिचे कण विखरून बसलेले असतात. एवढ्या पुसण्याने ती उजळते. इथे पुन्हा दंतमंजन घेतलंत, तर नुकतेच बसलेले कण निघून जातील.

ठेवताना प्रत्येक वस्तू सुती कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत घाला. रबरबँड मात्र कधीच लावू नका. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घातलेलं असतं आणि चांदीवर बरोबर त्या पट्टीएवढा काळा डाग उमटतो. लोकरीचं कापडही टाळा, लोकरीतही गंधक असतं. अंड्याचा पदार्थ चांदीच्या वाटी-चमच्याने खाल्ला, तर जेवण झाल्याबरोबर ते धुऊन टाका.